गाळ की माती

“शेत कुठंय?” टेपवाल्या बाईंनी विचारलं, आणि अण्णांनी नदीपलीकडे बोट दाखवलं.

बाईंना वाटलं, म्हाताऱ्याला कमी ऐकू येत असावं. त्यांनी आवाज चढवला. “तुमचं शेत विचारतेय मी. ज्याच्या मदतीसाठी अर्ज केलाय ते.”

“तेच दाखवतोय. तो वाकलेला विजेचा खांब दिसतोय ना, तिथपासून त्या विटांच्या घरापर्यंत. इथं उरलाय तो नुसता तळ. शेत तिकडं गेलं.”

पूर ओसरून महिना होत आला होता. मदत कार्यालयाच्या या बाई रोज कुणाच्या ना कुणाच्या बांधावर उभ्या राहून टेप सोडत होत्या, म्हणून आसपासच्या सगळ्या वस्त्यांवर त्यांचं नावच टेपवाल्या बाई पडलं होतं. महिनाभरात त्यांनी पुष्कळ पाहिलं होतं. झाडावर अडकलेली खाट पाहिली होती, छपरावर उभी राहिलेली शेळी पाहिली होती. पण शेत पलीकडं गेलं, असं सांगणारा माणूस पहिल्यांदाच भेटत होता.

त्यांनी पायाखाली पाहिलं. सगळीकडे दगड. जमिनीखालून नेलेला पाण्याचा पाइप आता गुडघ्याएवढ्या उंचीवर हवेत लोंबत होता. कुंपणाचे खांब सिमेंटच्या गोळ्यांसकट उघडे पडले होते, जणू कुणी त्यांचे बूट दाखवायला जमीन उचलून घेतली होती. पाइपाच्या उंचीवरून माती किती होती ते कळत होतं. खूप होती.

“पलीकडचा गाळ तुमचाच, हे कशावरून?”

“त्यात माझा लसूण उगवलाय.”

“तुम्हाला इथून दिसतो?”

“दूधवाला सांगत होता. रांगेत नाही, कसाही उगवलाय, टोपलं उधळल्यासारखा. पूर यायच्या आठवडाभर आधी मी लावला होता. आक्कानं जन्मात लसूण लावला नाही. तिच्या वाळूत तो येतच नाही.”

“आक्का कोण?”

“यांची बहीण,” वहिनी म्हणाली. वहिनी म्हणजे अण्णांची बायको. वस्तीवरचं शेंबडं पोरसुद्धा तिला वहिनीच म्हणायचं. “सख्खी,” तिनं पुढं जोडलं, पण लोक ‘सावत्र’ म्हणतात त्या सुरात.

बाईंना आठवलं. विटांच्या त्या घरी त्या कालच जाऊन आल्या होत्या. नर्सच्या गणवेशातल्या मुलीनं सगळं दाखवलं होतं. म्हातारी मागं उभी होती, शब्दही बोलली नव्हती. बाईंनी पिशवीतून दोन्ही अर्ज काढले, वाऱ्यानं उडू नयेत म्हणून एक दाताखाली धरला, दुसरा वाचला, मग अदलाबदल केली. आणि अर्ज खाली करून त्या अण्णांकडे बघत राहिल्या.

“घोडं इथंच अडलं,” त्या म्हणाल्या. “तुमचा अर्ज आहे खरडून गेलेल्या जमिनीचा. त्यात लिहिलंय, माती वाहून गेली, परत मिळण्यासारखी नाही. त्यांचा अर्ज आहे गाळ साचलेल्या जमिनीचा. त्यात लिहिलंय, गाळ निरुपयोगी आहे, काढून टाकायचा आहे. आणि तुम्ही म्हणताय ती एकच माती. मग ती परत मिळण्यासारखी आहे की नाही? आणि निरुपयोगी आहे की नाही?”

अण्णांचा मुलगा दगडांवरून लांब ढांगा टाकत काहीतरी मोजत होता, तो थांबला. शहरात आणि आसपासच्या गावांत विजेची कामं करायचा, त्यामुळं घरातसुद्धा त्याला वायरमन म्हणत. “अहो बाई, तुमच्या कार्यालयात दोन खिडक्या, दोन कागद. कोण विचारणारे तुम्हाला?”

“कुणीच नाही,” बाई म्हणाल्या. “पण आता मला माहीत झालंय ना!”

त्यांच्या आवाजात राग नव्हता. खरं तर त्या खुशीतच होत्या. महिनाभर त्या फक्त लांबी आणि रुंदी लिहीत होत्या. आज पहिल्यांदा काहीतरी कळून घ्यावंसं वाटत होतं.

“यादी आज संध्याकाळी बंद होते. चला, पलीकडं जाऊ. दोघांच्या समोर एकदाच बोलू. नाहीतर मला दोन्ही अर्ज बाजूला ठेवावे लागतील.”

वहिनीनं पदर खांद्यावरून ओढून घेतला. सुनेनं सासूकडं पाहिलं, सासूनं नवऱ्याकडं, नवऱ्यानं नदीकडं.

“चला,” अण्णा म्हणाले.

*

जवळचा पूल पुरानं नेला होता. वरच्या पुलावरून लांबचा वळसा होता. वायरमनच्या व्हॅनमध्ये शिड्या, तारांची वेटोळी आणि माणसं एकत्र कोंबली गेली. बाई पुढं बसल्या. मागं वहिनी एका उलट्या बादलीवर बसली आणि तिथून बोलायला लागली.

“मी आधीच सांगून ठेवते. माती गेली ती गेली. मदत मिळतेय ती घ्यायची आणि गप बसायचं. तिच्या दारात जाऊन हात पसरायचे नाहीत.”

“हात कोण पसरतंय? माझीच माती मी परत मागायला चाललोय,” अण्णा म्हणाले.

“आणि ती देईल?”

आक्काशी अण्णांचं भांडण असं कधी झालंच नव्हतं. झालं असतं, तर मिटवता तरी आलं असतं. ती नदीपलीकडं नांदायला गेली, बापाची जमीन अण्णांकडं आली, मग कामं वाढली, मुलं झाली, आणि येणं-जाणं लग्नाला आणि मयताला एवढंच उरलं. आक्काचे यजमान गेले तेव्हा अण्णा गेले होते. त्यानंतर कुणी मेलं नव्हतं.

वायरमननं गिअर बदलला. त्याच्या मनात वेगळंच चाललं होतं आणि ते त्यानं घरात फक्त बायकोला सांगितलं होतं. मदतीच्या पैशांतून त्या दगडांवर सौरऊर्जेचे पॅनेल फार छान बसले असते. माती असती तर अण्णांनी एका खांबाएवढी जागासुद्धा दिली नसती. आता माती नव्हती. आपल्याला बरं वाटतंय याची त्याला लाज वाटत होती, पण बरं वाटतच होतं.

“अण्णा,” सून म्हणाली. ती महामार्गावरच्या वजनकाट्यावर कामाला होती, आज सुट्टी काढून आली होती. “समजा आत्यांनी दिली. आणायची कशी?”

“ट्रकनं.”

“एका ट्रकात किती माती बसते ते मी रोज बघते. तुमचं शेत आणायचं म्हणजे ट्रकांची रांग आमच्या काट्यापासून या पुलापर्यंत लागेल. दोघांची मदत एकत्र केली तरी डिझेलला पुरणार नाही.”

“नदीनं तर एका रात्रीत नेली.”

“नदीला डिझेल लागत नाही,” वायरमन म्हणाला, आणि बायकोनं त्याला मागून शिडीचं टोक टोचलं. मुद्दाम की चुकून, ते त्याला कळलं नाही.

*

आक्कानं व्हॅनचा आवाज ओळखला नाही, पण तिच्यातून उतरणाऱ्या माणसाची चाल ओळखली. डावा पाय आधी टाकायचा, मग क्षणभर थांबायचं, जणू जमिनीची परवानगी घेतोय. छोट्याची चाल. साठी ओलांडली तरी तिच्या लेखी तो छोट्याच होता.

“मामा आलेत!” नर्स आतून धावत आली. ती आक्काची एकुलती एक मुलगी, दवाखान्यातली पाळी संपवून नुकतीच घरी आली होती, अजून गणवेशातच होती. “मामीपण आहे. आणि कालच्या बाई! आई, तू काही बोलू नकोस. मी बोलते.”

खोलीत एकसारख्या दोन खुर्च्या नव्हत्या. सगळे मिळेल तिथं बसले. छताचे दोन पत्रे वाऱ्यानं उडाले होते, तिथं निळं प्लास्टिक ताणलं होतं, आणि त्यामुळं सगळ्यांचे चेहरे आजारी माणसासारखे निळसर दिसत होते. नर्सनं चहा टाकला. वहिनी भिंतीवरच्या फोटोकडं अशी बघत राहिली की जणू त्यातला माणूस आत्ता बोलेल.

“लसूण बघायचाय,” अण्णा शेवटी म्हणाले.

“मागं आहे,” आक्का म्हणाली. “पळून जात नाही.”

बाईंनी चहाचा कप खाली ठेवला आणि सकाळी सांगितलं तेच पुन्हा सांगितलं. शांतपणे, दोघांकडे बघून. नर्स ऐकता ऐकता सावध झाली.

“म्हणजे आमचा अर्ज अडकणार? बाई, वरच्या अंगाच्या सगळ्यांनी गाळाचा अर्ज केलाय. कुणाकडं गाळ कुठून आला असं विचारलंय का तुम्ही?”

“नाही विचारलं. विचारायला हवं होतं, असं आता वाटतंय.” बाईंनी नर्सनं भरलेला अर्ज पुढं घेतला. “हे बघा, तुमच्यापुरतं सोपं आहे. अर्जदार तुमच्या आई आहेत. मी हे वाक्य वाचते. त्यांनी हो म्हणावं, संपलं. मग मामांचं काय ते वेगळं बघू.” त्यांनी वाचलं, “‘साचलेला गाळ निरुपयोगी असून शेतीस अडथळा करणारा आहे.’ बरोबर?”

“हो,” नर्स म्हणाली.

“त्यांनी सांगायचंय.”

आक्का उंबऱ्यात उभी होती. मागच्या दारातून तिला सगळं शेत दिसत होतं. पहिले काही दिवस त्या गाळाला वास मारत होता, त्यात मेलेले मासे होते, बाटल्या होत्या, कुणाची तरी एक चप्पल होती. मग ऊन पडलं. पापुद्रे उचलायला लागले. एका संध्याकाळी मुलगी कामाला गेल्यावर आक्का खाली बसली आणि तिनं पापुद्र्याखाली बोटं घातली. आत काळी, गार, ओलसर माती. मुठीत धरली की गोळा होत होता आणि अंगठ्यानं दाबला की फुटत होता. वाळूचं तसं नसतं. वाळू पाणी पिते आणि विसरून जाते. आक्कानं उभा जन्म वाळूत कलिंगडं काढली होती, तिला वाळूबद्दल कुणी शिकवायची गरज नव्हती. ही कुठली माती हे कळायला तिला लसूण लागला नव्हता.

त्यानंतर ती रोज संध्याकाळी जात होती. मुलीला सांगितलं नव्हतं.

“बोल ना आई,” नर्स म्हणाली. “नुसतं हो म्हणायचंय.”

आक्कानं अण्णांकडं पाहिलं. अण्णा मान खाली घालून चहाच्या कपातल्या सायीकडं बघत होते. हो म्हणाली असती तरी त्यांनी काही म्हटलं नसतं, हे तिला कळत होतं. निळं प्लास्टिक वाऱ्यानं फडफडलं. पत्र्यांचे पैसे त्या एका शब्दात होते.

“निरुपयोगी?” ती म्हणाली. “नाही हो. चांगली माती आहे ती.”

नर्सनं कपाळावर हात मारला. “झालं!”

“मला नको ती मदत. गाळ काढायचा नाही मला.”

“आई, छत!”

“छताला प्लास्टिक आहे.”

अण्णांनी मान वर केली. त्यांचा चेहरा एकदम उजळला होता. “मग माती परत दे,” ते म्हणाले.

“नाही,” आक्का म्हणाली.

हा ‘नाही’ इतक्या लगेच आला की वायरमनला हसू फुटलं आणि त्यानं ते खोकल्यात बुडवलं.

“नाही म्हणजे?” अण्णा उठून उभे राहिले. “माझी माती आहे. बाबांनी मला दिली. मी शेणखत घातलं, मी दगड वेचले, माझ्या पाठीचा काटा ढिला झाला तिच्यात.”

“मला माहितीये कुणी काय केलं.”

“मग?”

“मी मागितली होती,” आक्का म्हणाली.

“काय?”

“माती. इथं आले त्या वर्षी. बी टाकलं ते करपलं. मी बाबांकडं गेले आणि म्हटलं, चार गाड्या माती द्या, परसात घालते, घरापुरती भाजी होईल. बाबा हसले. म्हणाले, माती का कुणी मुलीला देतं? दागिना माग, भांडं माग. माती म्हणजे काय चिल्लर आहे?”

“मला नव्हतं माहीत.”

“तू गोट्या खेळत होतास. अंगणातच होतास.”

वहिनी इतका वेळ भिंतीकडं तोंड करून बसली होती. ती वळली. “आणि मग काय केलंत?” तिनं विचारलं. आक्काशी ती थेट बोलत नसे, पण तिला खरंच कळून घ्यायचं होतं.

“मग काय करणार? दागिना मागितला.” आक्का पहिल्यांदा किंचित हसली. “तो मिळाला. तो विकून कलिंगडाचं बी आणलं.”

वहिनीच्या तोंडून ‘अगं बाई’ निघून गेलं. तिच्या माहेरचीही एक अशीच गोष्ट होती. ती तिनं आजवर कुणाला सांगितली नव्हती, आत्ताही सांगितली नाही, पण बादलीवर बसून तिनं जे जे ठरवलं होतं त्यातलं बरंचसं तिला नीट आठवेना.

“ते ठीक आहे,” अण्णा म्हणाले. “बाबांचं चुकलं. पण म्हणून माझी जमीन—”

“मी घेतली नाही, छोट्या. मी झोपले होते. नदीनं आणून टाकली.”

“नदी कोण देणारी?”

“ते नदीला विचार.”

*

सून आणि नर्स कप घेऊन मोरीवर गेल्या. दोघी नणंद-भावजय असूनही आजवर एकमेकींशी चार वाक्यं बोलल्या नव्हत्या. नर्स कप इतक्या जोरात घासत होती की एकाचा कान तुटला.

“आईनं पैसे सोडले,” ती हलक्या आवाजात म्हणाली. “आता पाऊस आला की मी बादल्या लावत बसायचं. तुमचं बरंय, माती नाही तरी मदत मिळणार.”

“मिळेल की नाही कुठं ठरलंय? अण्णांनी सांगायला हवं ना, माती परत येणार नाही म्हणून. ते तर ट्रक आणायला निघालेत.”

“अगं, खरं सांग. ती माती नेता येईल?”

“नाही. डिझेलच परवडणार नाही.”

“मग भांडतायत कशाला?”

सुनेनं विचार केला. “आपलं होतं ते आपलं नाही, हे तोंडानं म्हणवत नसेल.” तिनं तुटका कान उचलून खिडकीत ठेवला. “लसणाचं काय करणार तुम्ही?”

“मला काय माहीत? आईला त्याच्यातलं कळत नाही. पिवळा पडायला लागलाय.”

“पिवळा?” सुनेनं नळ बंद केला. “हे अण्णांना सांगू नकोस. म्हणजे, आत्ता नको. मी सांगते तेव्हा सांग. हे बघ, लसूण लावलेला अण्णांचा. जागा तुमची. दुसऱ्याच्या जागेत पीक ठेवायचं तर भाडं द्यावं लागतं की नाही?”

नर्सनं हातातला कप खाली ठेवला.

“दोन पत्र्यांएवढं भाडं होईल,” सून म्हणाली. “वायरमनला मी बघते. मदतीच्या पैशांत त्याला आमच्या दगडांवर सौर पॅनेल बसवायचेत, ते थोडे कमी बसतील.”

“तू तर त्याच्या बाजूची ना?”

“सकाळी होते,” सून म्हणाली.

*

त्या बाहेर आल्या तेव्हा सगळे शेतात गेले होते. बाई टेप न सोडता नुसत्याच हिंडत होत्या. गाळावर हिरव्या पाती खरंच कशाही उगवल्या होत्या, इथं दहा-बारा एकत्र, तिथं एकटी. अण्णा एका झुपक्याजवळ उकिडवे बसले होते. माती हातात घेत होते आणि टाकत होते. आक्का त्यांच्यापासून चार हात लांब उभी होती. कडेला, जिथं गाळ संपत होता, तिथं तिची जुनी वाळू पांढरी दिसत होती.

“बाई, एक विचारू?” सून म्हणाली. “सकाळपासून डोक्यात आहे. आमच्या शेतात आता जे दगड उघडे पडलेत, त्यांच्यावरून माझा पाय सारखा घसरत होता. सगळे गोल आहेत. गुळगुळीत. असे दगड आमच्या काट्यावर येतात ते नदीतून काढलेले असतात.”

“हो. दगड घासून गोल होतात ते पाण्यातच.”

“म्हणजे आमच्या शेताखाली नदी होती?”

“कधीतरी असणार. नद्या सरकतात.”

“मग त्याच्यावर माती कुठून आली?”

बाई उत्तर द्यायला गेल्या आणि थांबल्या. त्यांनी वरच्या अंगाला पाहिलं. तिकडे डोंगराच्या पायथ्याशी दुसऱ्या वस्त्या होत्या, दुसरी शेतं होती, ज्यांची लांबी-रुंदी त्यांनी महिनाभर लिहिली होती.

“अशीच,” त्या म्हणाल्या. “अशाच कुठल्यातरी पुरात.”

“म्हणजे कुणाचीतरी खरडून आली,” सून म्हणाली. “कुणाची असेल हो?”

तिनं कुणाला टोचायला विचारलं नव्हतं. तिला खरोखर प्रश्न पडला होता. वायरमननं बापाकडं पाहिलं. वहिनी तोंडावर हात ठेवून हसली, आधी थोडं आणि मग आवरेना एवढं. “अहो,” ती नवऱ्याला म्हणाली, “वरती कुणीतरी म्हातारा अजून ट्रक घेऊन आपल्याला शोधत असेल!”

अण्णा हसले नाहीत. ते हातातल्या मातीकडं बघत होते. लहानपणी बाबा म्हणायचे, ही आपली माती, आपल्या बापजाद्यांची. बापजाद्यांच्या आधीचं कुणी कधी विचारलं नव्हतं. त्यांनीही नव्हतं. हे आपल्याला इतक्या वर्षांत सुचलं कसं नाही, याचंच त्यांना नवल वाटत होतं, आणि त्या नवलापुढं रागाला नेमकं धरायला जागा सापडेना.

“बाई,” ते म्हणाले, “लिहा. माती परत येणार नाही.”

“तुमचं नक्की?”

“येणार नाही,” ते पुन्हा म्हणाले, आणि दुसऱ्या वेळी ते म्हणणं अधिक जड गेलं. वहिनी हसायची थांबली. ती जाऊन त्यांच्याजवळ उभी राहिली.

बाईंनी गुडघ्यावर कागद ठेवून लिहिलं. दुसऱ्या अर्जावर ‘अर्जदारास गाळ उपयुक्त वाटतो’ असं लिहून रेघ मारली. तशी नोंद त्यांनी महिनाभरात कुठंच केली नव्हती.

तेव्हा सुनेनं नर्सला कोपर मारलं.

“मामा,” नर्स म्हणाली, “तुमचा लसूण पिवळा पडतोय.”

अण्णा ताडकन उठले. “पिवळा? कुठं? ही साय फोडली नाहीये कुणी! वर कडक झालंय, मुळांना हवा कुठनं मिळणार? पाणी कधी दिलं?”

“दिलंच नाही,” आक्का म्हणाली. “मोटार बुडाली होती. बंद आहे.”

“मोटार मी बघतो,” वायरमन म्हणाला, कारण बंद मोटार ऐकून त्याला गप्प बसता येत नसे.

आणि मग तिथंच, उभ्या उभ्या, सुनेनं भाड्याचं काढलं. वायरमनच्या तोंडचं पाणी पळालं. “दोन पत्रे? आणि माझे पॅनेल?” वहिनीनं त्याला दटावलं, “पॅनेल तुझे, पण दगड कुणाचे?” आक्का म्हणाली, मला भाडं नको. नर्स म्हणाली, तुला नको असेल, छताला हवंय. अण्णांचं लक्षच नव्हतं. ते बोटांनी पापुद्रा फोडत पुढं पुढं सरकत होते.

बाईंना उशीर होत होता, तरी त्या थोडा वेळ थांबल्या. उभ्या पिकासाठी त्यांच्या कागदात रकाना नव्हता, म्हणून त्यांना यात काही लिहायचं नव्हतं. नुसतं ऐकायचं होतं.

*

मदतीचे पैसे दोन महिन्यांनी आले. लोक म्हणाले, लवकर आले. पत्रे बसले. पलीकडं दगडांवर वायरमनच्या पॅनेलची एक रांग उभी राहिली, दुसऱ्या रांगेचे नुसतेच खांब.

अण्णा त्या दिवसापासूनच दिवसाआड लांबच्या वळशानं आक्काकडं जात होते. पहिल्यांदा गेले तेव्हा आक्का दाराशी नव्हती. त्यांनी सरळ जाऊन खुरपणी केली, सरी ओढली, दोन झुपके उपटून रांगेत लावले आणि निघून आले. दुसऱ्यांदा गेले तेव्हा ती बांधावर बसली होती. त्यांनी लावलेले दोन्ही झुपके तिनं परत जिथं होते तिथं लावले होते.

“हे काय?” अण्णा म्हणाले.

“तिथं मला भेंडी घालायचीय.”

“भेंडी? या मातीत? अगं, ही माती—” आणि मग ते थांबले. मातीबद्दल सगळं सांगायला त्यांना दिवस पुरला नसता. बाबांनी त्यांना सांगितलं होतं, कुठली कड लवकर सुकते, कुठं पाणी साचतं. पण इथं ती माती वेगळ्याच उतारावर, वेगळ्याच वाळूवर बसली होती. कुठली कड आधी सुकेल हे त्यांनाही माहीत नव्हतं. बघायला लागणार होतं.

“कुठनं उतार आहे इथं?” त्यांनी विचारलं.

“त्या कोपऱ्याकडं. पण आता बदलला असेल.”

दोघं तिकडे बघत राहिले. दुरुस्त झालेली मोटार पाण्याशेजारी होती. अण्णा तिच्यापर्यंत गेले, खटक्यावर हात ठेवला, आणि त्यांच्या सवयीप्रमाणे तो दाबलाही गेला असता. पण ते वळले.

“आक्का,” ते म्हणाले, “पाणी सोडू का?”

आक्कानं बसल्या जागेवरून सगळ्या शेतावर नजर फिरवली, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत, सावकाश. अण्णा खटक्यावर हात ठेवून थांबले होते.

“सोड,” ती म्हणाली. “थोडं थोडं सोड. कुणीकडं जातंय ते बघू.”